एक सुई बाटलीत जाऊ द्या

प्रति,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सर्जन, फिजिशियन, कान-नाक-घसा तज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, फॅमिली डॉक्टर आणि माझे पॅथॉलॉजिस्ट सहकारी यांस,

स.न.वि.वि.

मागच्या श्रावणात एका दुपारी माझ्या लॅबच्या काउंटरवर मिठाईचा खोका आला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, गाठीत सुई घालून काढलेल्या पेशी फासलेल्या चार काचा आणि एक चिठ्ठी: ‘पुरुष, ६७, मानेत गाठ. टीबी? लिम्फोमा?’ काचा चांगल्या होत्या. थर पातळ, रक्त कमी. ज्यांनी सुई घातली त्यांचा हात बसलेला होता. लीशमनचा रंग लावून मायक्रोस्कोपखाली ठेवल्या आणि दोन मिनिटांत कळलं की हा टीबी नाही. सगळीकडे एकाच मापाच्या लहान लिम्फोसाइट, आणि त्यांच्यामध्ये विखुरलेले निळसर गोल ठिपके. हे ठिपके म्हणजे फुटलेल्या पेशींचे तुकडे, मटेरियल लिम्फॉइड असल्याची खूण. लिम्फोमाच होता. पण कुठला? त्याचं उत्तर त्या चार काचांत नव्हतं, आणि पाचवं काही पाठवलेलंच नव्हतं.

मी रिपोर्ट लिहिला: ‘लहान पेशींचा नॉन-हॉजकिन लिम्फोमा असण्याची दाट शक्यता. प्रकार ठरवण्यासाठी पुढील तपासण्या आवश्यक.’ हे वाक्य आजवर किती वेळा लिहिलं त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. दिसायला ते सावध आहे, शास्त्राला धरून आहे. त्या माणसासाठी मात्र त्याचा अर्थ एवढाच, की पुन्हा सुई, पुन्हा एसटी, पुन्हा मुलाची रजा.

मागणी छोटी आहे, ती आधीच सांगून टाकतो. गाठीत सुई घालाल तेव्हा आलेलं सगळं मटेरियल काचांवर फासू नका. एक सुई बाटलीत जाऊ द्या. कुठल्या बाटलीत, किती वेळ, कशासाठी, हे सांगायला बाकीचं पत्र.

पेशंटचे नातेवाईकही हे वाचतील, म्हणून थोडं मुळापासून. लिम्फोमा हा एकच एक आजार नाही. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरांचं ते आडनाव आहे, आणि त्या आडनावाची घराणी डझनांनी आहेत. काही इतकी सुस्त, की माणूस त्यांना अंगात वागवत दहा-पंधरा वर्षं शेती करतो. काही इतकी तापट, की सोमवारची गाठ गुरुवारी ओळखू येत नाही. आणि त्यांतली काही सुईच्या काचेवर सख्ख्या भावंडांसारखी दिसतात.

लहान पेशींच्या चौघांचं घ्या. पहिला एसएलएल, तोच रक्तात उतरला की त्याला सीएलएल म्हणतात. दुसरा मॅन्टल सेल, तिसरा फॉलिक्युलर, चौथा मार्जिनल झोन. पुस्तकात त्यांचे चेहरे वेगवेगळे रंगवलेले असतात. सीएलएलच्या पेशीचं केंद्रक गोल, आतलं क्रोमॅटिन फुटबॉलवरच्या ठिगळांसारखं, आणि अधूनमधून एखादी मोठी प्रोलिम्फोसाइट. मॅन्टलची पेशी जराशी मोठी, केंद्रकाची कड किंचित दुमडलेली, मोठ्या पेशी जवळजवळ नाहीतच, सगळं एकसुरी. फॉलिक्युलरमध्ये काजूगरासारखी वळलेली, खाच पडलेली केंद्रकं आणि त्यांच्या सोबतीला काही मोठ्या पेशी. मार्जिनल झोनमध्ये इतकी सरमिसळ, की साध्या सुजलेल्या ग्रंथीचीच काच वाटावी.

वाचायला छान आहे. प्रत्यक्षात काच उशिरा वाळली की पेशी आक्रसते, थर जाड झाला की खाच दिसत नाही, आणि कोकणातल्या जुलैच्या हवेत काच वेळेवर वाळवणं ही एक साधनाच आहे. मी टेबल फॅन लावतो. त्यावर आमची मावशी म्हणते, ‘सायबानू, कपडे सुकनत नाय हंय, काचो कशो सुकतल्यो?’

यापेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. सुईतून पेशी येतात, ग्रंथीची मांडणी येत नाही. झोडलेल्या भाताच्या राशीत हात घातला तर दाणा बारीक की जाड ते सांगता येतं. तो लोंबीत कसा बसला होता ते सांगता येत नाही. फॉलिक्युलर लिम्फोमाला ते नाव त्याच्या फॉलिकलांच्या, म्हणजे पेशींच्या गोल गोल पुंजक्यांच्या, मांडणीवरून पडलं, आणि मॅन्टलला फॉलिकलाभोवतीच्या वेढ्यावरून. नावं लोंबीवरून ठेवलेली आणि आमच्या हातात नुसते दाणे.

म्हणून पेशीचं तोंड बघून भागत नाही, अंगावरच्या खुणा तपासाव्या लागतात. त्या खुणा म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं. त्यांना सीडी आणि पुढे आकडा अशी नावं आहेत. लिम्फोसाइटच्या दोन मुख्य जाती, टी आणि बी, आणि वरचे चौघेही बी-पेशींचे. सीडी-५ ही खरं तर टी-लिम्फोसाइटची खूण. ती बी-लिम्फोसाइटवर सापडली की कान टवकारायचे, कारण या चौघांपैकी दोघेच ती सर्रास मिरवतात, सीएलएल आणि मॅन्टल. मग त्या दोघांना वेगळं करायला सीडी-२३ आणि सीडी-२०० बघायचं. ती सीएलएलवर असतात, मॅन्टलवर बहुधा नसतात. सीडी-२० सीएलएलवर फिकट उमटतं, मॅन्टलवर ठळक. सीडी-५ नाही पण सीडी-१० आहे, असं दिसलं तर फॉलिक्युलर. दोन्ही नसतील तर बोट मार्जिनल झोनकडे जातं, पण ते बोट थोडं थरथरतंच. कारण तिथे ‘हे नाही, तेही नाही’ एवढ्यावरच निदान उभं असतं.

या सगळ्याच्या आधीचा प्रश्न म्हणजे हा लिम्फोमा आहे की नुसती सूज? प्रत्येक बी-पेशी आपल्या अंगावर कप्पा किंवा लॅम्डा यांपैकी एकच साखळी बाळगते. निरोगी किंवा सुजलेल्या ग्रंथीत दोन्ही मतांची माणसं असतात, कप्पाची साधारण दुपटीच्या आसपास. सगळ्याच्या सगळ्या पेशी एकाच बाजूच्या निघाल्या तर समजायचं, की हे गाव एकाच पूर्वजाने वसवलेलं आहे. कॅन्सर तसाच वाढतो, एका पेशीपासून.

या खुणा एका बैठकीत मोजणारं यंत्र म्हणजे फ्लो सायटोमीटर. पेशींना चमकणाऱ्या रंगांची अँटिबॉडी चिकटवायची आणि त्यांना द्रवातून एकामागून एक लेझरसमोरून सोडायचं. सेकंदाला हजारो पेशी समोरून जातात आणि यंत्र प्रत्येकीच्या अंगावरचे रंग टिपतं. काही लाख पेशी पुरतात, एका चांगल्या सुईतून सहसा तेवढ्या मिळतात. अट एकच: पेशी सुट्या हव्यात आणि जिवंत हव्यात. काचेवर वाळून चिकटलेली पेशी या रांगेत उभी राहू शकत नाही. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेलीही नाही. मिठाईच्या खोक्यातल्या त्या चार उत्तम काचा यासाठी निरुपयोगी होत्या, त्या एवढ्यासाठीच.

फ्लोनंतरही एक गाठ सुटायची राहते. मॅन्टल सेलची पक्की ओळख म्हणजे सायक्लिन डी-१. अकराव्या आणि चौदाव्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केले की हे प्रथिन भरमसाट तयार होतं. ते केंद्रकाच्या आत असतं, म्हणून नेहमीच्या फ्लोमध्ये सहज दिसत नाही. त्यासाठी सेल ब्लॉक लागतो, म्हणजे सुईत आलेल्या पेशींचा गोळा करून त्याला बायोप्सीसारखं मेणात बसवणं. काही मॅन्टलमध्ये सायक्लिन डी-१ मिळत नाही, तिथे सॉक्स-११ हे दुसरं प्रथिन कामाला येतं. गुणसूत्रांची अदलाबदल थेट बघायची तर फिश नावाची तपासणी आहे, आणि ती मात्र काचेवरच्या पेशींवरही होऊ शकते, अगदी रंग लावून झालेल्या काचेवरही. म्हणून जुन्या काचा फेकू नका, ही मधल्या मध्ये आणखी एक विनंती.

मी एम.डी. करत होतो त्या दिवसांत ‘मॅन्टल सेल’ हे नाव नुकतंच बारसं होऊन आलं होतं, १९९२ साली. त्याआधी हेच पेशंट वेगवेगळ्या वर्गीकरणांत वेगवेगळ्या नावांनी फिरत होते आणि पुष्कळदा सुस्त लिम्फोमांच्या पंक्तीला बसवले जात होते. १९९४ च्या रिअल वर्गीकरणाने सांगितलं, की लिम्फोमा नुसत्या रूपावरून ओळखायचा नाही. रूप, खुणा, गुणसूत्रं आणि पेशंटची हकिकत एकत्र बघून ओळखायचा. जागतिक आरोग्य संघटनेची पुढची सगळी वर्गीकरणं त्याच पायावर उभी आहेत. तीस वर्षं उलटली आणि आपण अजून चार काचा आणि एका चिठ्ठीवर आहोत.

‘नाव कळून करायचंय काय, शेवटी केमोच ना?’ हा प्रश्न मला एका सर्जन मित्राने जेवणाच्या टेबलावर विचारला होता, सोलकढीचा पेला हातात धरून. तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आता देतो.

दोन पेशंट. दोघेही साठीपार, दोघांच्या मानेत आणि काखेत गाठी, दोघांच्या काचा एकमेकांशेजारी ठेवल्या तर आजही माझी गल्लत होईल. एक आंबा बागायतदार, दुसरा निवृत्त शिक्षक. बागायतदाराचा सीएलएल निघाला. ताप नाही, वजन उतरलेलं नाही, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट ठीक. त्याला कॅन्सरच्या डॉक्टरांनी काहीही दिलं नाही. ‘दर तीन-चार महिन्यांनी दाखवायला या,’ एवढंच. लक्षणं नसताना केमो लवकर सुरू करून आयुष्य वाढत नाही, हे जुन्या चाचण्यांनी पुन्हा पुन्हा दाखवलेलं आहे. घरच्यांना ते पटवताना मात्र घाम फुटला. कॅन्सर आहे आणि औषध नाही, हे कुणाच्या गळी उतरणार? मुलगा म्हणाला, ‘पैशे नाय म्हणान औषध देनत नाय काय?’ त्याला तासभर बसवून समजावलं. बागायतदार अजून कलमांवर फवारणी करतोय.

शिक्षकांचा मॅन्टल सेल निघाला. हा लिम्फोमा सापडतो तेव्हा बहुतेक वेळा अंगभर पसरलेला असतो. अस्थिमज्जेत, पुष्कळदा आतड्यातही. मॅन्टलचाही एक सुस्त प्रकार आहे, पण शिक्षकांचा तो नव्हता. त्यांना रिटुक्सिमॅबसह उपचार ताबडतोब सुरू झाले. समजा, दोघांनाही ‘लहान पेशींचा नॉन-हॉजकिन’ या एकाच रिपोर्टवर सारखी वागणूक मिळाली असती. बागायतदाराने नको असलेलं विष घेतलं असतं किंवा शिक्षकांनी मोलाचे महिने घालवले असते. या औषधाचंही एक सांगतो. रिटुक्सिमॅब सीडी-२० या खुणेलाच जाऊन चिकटतं. अमेरिकेत ते १९९७ मध्ये आलं, २००७ पासून ते भारतातही बनू लागलं आणि आवाक्यात आलं. पण पेशीवर सीडी-२० आहे की नाही, हे न बघता ते द्यायचं म्हणजे घराचा नंबर न लिहिता मनिऑर्डर करणं.

वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमांत घाई वेगळ्या प्रकारची असते. डिफ्यूज लार्ज बी-सेल आणि बर्किट, दोघेही आक्रमक. पण बर्किटच्या पेशी एक-दोन दिवसांत दुपटीला येतात, आणि डिफ्यूज लार्जला चालणारी आर-चॉप केमो त्याला पुरत नाही. बर्किटच्या पेशी मध्यम आकाराच्या, गडद निळ्या अंगात चरबीची बारीक बारीक छिद्रं आणि केआय-६७, म्हणजे पेशींच्या वाढीचा वेग दाखवणारी खूण, जवळपास शंभर टक्के. पोट फुगलेल्या मुलाच्या पोटातल्या पाण्यात हे चित्र दिसलं, तर रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबू नका, फोन करा. मी करतो. रात्री करतो.

आता ज्यावर आपल्या भागात सगळ्यात जास्त नुकसान होतं तिकडे येतो. मानेतली गाठ म्हटलं की कोकणात पहिला शब्द गंडमाळा, म्हणजे टीबी. ते चूक नाही; टीबी आपल्याकडे आहेच. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन ही लक्षणं टीबीचीही आणि लिम्फोमाचीही. म्हणून ‘आधी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, देऊन बघू, नाही उतरली तर सुई घालू,’ असं होतं. कृपा करून उलटं करा. सुई आधी. दह्याच्या चोथ्यासारखं किंवा पुवासारखं काही आलं, तर त्याचा थोडा भाग सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासणीला पाठवा. ट्रूनॅट तर आपल्या शेजारी गोव्यात बनतं, आणि सरकारी यंत्रणेत ही तपासणी मोफत होते. टीबी सिद्ध झाला तर एकेटी निर्धास्त सुरू करा. पण काचेवर ग्रॅन्युलोमा, म्हणजे टीबीत दिसणारा सुजेच्या पेशींचा पुंजका, दिसला एवढ्यावर विसावू नका. हॉजकिन लिम्फोमातही ग्रॅन्युलोमा असू शकतात आणि त्यांच्या गर्दीत हॉजकिनची खरी ओळख असलेली रीड-स्टर्नबर्ग पेशी एखादीच, घुबडाच्या डोळ्यांसारख्या दोन केंद्रकांची. दोन महिने एकेटी घेऊनही गाठ वाढत असेल, तर ‘रेझिस्टंट टीबी’ म्हणण्याआधी पुन्हा सुई घाला, किंवा सरळ गाठ काढून पाठवा.

दुसरं नुकसान स्टिरॉइडचं. गाठ आली, ताप आला, दम लागला, कुणीतरी प्रेडनिसोलोनची पट्टी लिहून दिली. आठवड्यात गाठ निम्मी. पेशंट खूश, डॉक्टरही खूश. लिम्फोमाच्या पेशी स्टिरॉइडने मरतात, म्हणून गाठ उतरते. आजार मात्र जात नाही. त्या काळात घातलेल्या सुईत आम्हाला मेलेल्या पेशींचा चोथा मिळतो आणि निदान तीन-चार आठवडे मागे पडतं. तातडीचं कारण नसेल तर निदानाआधी स्टिरॉइड नको. श्वासनलिका दबली असेल, जीव धोक्यात असेल, तर जरूर द्या. पण शक्य तर आधी पाच मिनिटांत एक सुई घेऊन ठेवा.

कुठली गाठ निवडता, तेही बघा. आपल्या शेतकऱ्याच्या जांघेत अवधाण कायमचंच असतं. अनवाणी लावणी, पायाला कात्या, काटे, चिखल्या. तिथल्या ग्रंथी वर्षानुवर्षं सुजून कडक झालेल्या. मानेत, कॉलरबोनच्या वर किंवा काखेत गाठ असताना सोय म्हणून जांघेतली निवडली, तर रिपोर्ट ‘रिअॅक्टिव्ह’ म्हणजे नुसती सूज असा येणार आणि सगळे निर्धास्त होणार. सगळ्यात मोठी किंवा सगळ्यात वेगाने वाढणारी निवडा.

माझी स्वतःची चूक सांगितल्याशिवाय हे पत्र लिहिणं बरोबर दिसणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बाईंची कानाखालची गाठ माझ्याकडे आली. वय साठच्या घरातलं. काचेवर सगळ्या प्रकारच्या लिम्फोसाइट, लहान, मोठ्या, मधल्या. मी ‘रिअॅक्टिव्ह हायपरप्लेझिया’ लिहून मोकळा झालो. दीड वर्षाने त्या परत आल्या, तेव्हा दोन्ही बाजूंना गाठी होत्या. या खेपेला गाठ काढून मुंबईला पाठवली. मार्जिनल झोन लिम्फोमा. पहिल्या वेळी माझ्यासमोर तोच होता, सरमिसळ चेहऱ्याचा. मी कप्पा-लॅम्डा बघितलं असतं तर कदाचित सापडला असता. बघायला काही उरलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण मी मागितलंही नव्हतं. सुई मीच घातली होती.

त्या दिवसापासून गाठ तपासायला आलेल्या प्रत्येक प्रौढ पेशंटच्या शेवटच्या सुईतलं मटेरियल मी बाटलीत ठेवतो. बहुतेक वेळा ते वाया जातं. जाऊ दे.

आता तुमच्यातले काही म्हणतील, ‘मग सुईच्या फंदात पडताच कशाला? गाठ काढा आणि पाठवा.’ म्हणणं रास्त आहे. लिम्फोमाच्या पहिल्या निदानाला अख्खी गाठ मिळाली तर तिच्यासारखं दुसरं काही नाही, आणि मी तिच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. फॉलिक्युलरची ग्रेड सुईवरून भरवशाने ठरत नाही. हॉजकिनमध्ये फ्लो फारसा उपयोगाचा नाही, कारण कॅन्सरच्या पेशी मोजक्याच. तिथे सीडी-३० आणि सीडी-१५ चे डाग टिश्यूवर हवेत. मोठ्या पेशी नाजूक असतात, वाटेतच फुटतात, आणि मग यंत्र उरलेल्या निरोगी पेशी मोजून ‘सगळं ठीक’ म्हणतं. टी-पेशींच्या लिम्फोमांत तर जाणकारही अडखळतात. फ्लो नॉर्मल म्हणजे लिम्फोमा नाही, असं कुणी समजू नये.

पण आपली परिस्थितीही बघा. भूलतज्ज्ञ आठवड्यातून ठरावीक दिवशी येणार. ऑपरेशनचा नंबर दोन आठवड्यांनी. पेशंटला गोव्यात बांबोळीला न्यायचं की कोल्हापूरला, की तुतारी एक्सप्रेस पकडून मुंबईत परळच्या टाटाला, यावर घरात बैठका चाललेल्या. गाठ पोटात महाधमनीशेजारी असेल, तर ती काढायला कोण धजणार? तिथे सोनोग्राफी बघत घातलेली बारीक सुई हाच पहिला रस्ता. आजार उलटला असेल, तर दर वेळी कापण्याचीही गरज नाही. सुईसोबत फ्लो असेल, तर चार दिवसांत निदान एवढं तरी कळतं, की हा टीबी नाही, सूज नाही, बी-पेशींचा लिम्फोमा आहे आणि तो बहुधा अमुक प्रकारचा. मग गाठ काढायची घाई किती, पेशंटला कुठे पाठवायचं, हे अंधारात ठरवावं लागत नाही. लसिका ग्रंथींच्या सुईचे रिपोर्ट कसे लिहावेत यासाठी २०२० मध्ये सिडनी पद्धत मांडली गेली, पाच वर्गांची. तिचाही भर यावरच आहे, की आधी चांगलं-वाईट ठरवा आणि मग पूरक तपासण्यांनी प्रकारापर्यंत पोचा.

एक फुकटातली युक्तीही आहे, जी आपण सारखी विसरतो. सुईआधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, बघा. लिम्फोसाइट वाढलेल्या असतील, रक्ताच्या काचेवर फुटलेल्या पेशींचे डाग दिसत असतील, तर खुणा रक्तातच तपासता येतात. दंडातून काढलेलं दोन-चार मिलिलिटर रक्त, ईडीटीएची जांभळ्या टोपणाची नळी, बस्स. सीएलएलचं निदान पुष्कळदा गाठीला हात न लावता होतं. आपल्या प्रत्येक तालुक्यात सीबीसी होते. तिचा कागद मात्र सुईच्या चिठ्ठीसोबत कधी येत नाही.

आता बाटली. आरपीएमआय नावाचा गुलाबी द्रव असतो, पेशी जगवण्यासाठी केलेला. तो मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर निर्जंतुक सलाइन चालेल, पण मग वेळ कमी. २३ नंबरची सुई घ्या. पहिली खेप काचेवर, तिथल्या तिथे झटपट रंगवून बघता आली तर सोन्याहून पिवळं. लिम्फॉइड मटेरियल आहे असं दिसलं, की पुढची अख्खी खेप बाटलीत, सुई दोन-तीनदा धुऊन. शक्य तर आणखी एक खेप सेल ब्लॉकसाठी वेगळी. सिरिंजने जोरात ओढू नका; नुसती सुई पुढेमागे केली तरी लिम्फ ग्रंथीतून पेशी चढतात आणि रक्त कमी येतं. बाटलीवर नाव, वय, जागा, तारीख आणि वेळ. वेळ विसरू नका. फ्लोला नमुना २४ तासांत पोचलेला बरा, ४८ च्या पुढे भरवसा नाही. फॉर्मॅलिन बाटलीच्या आसपासही नको.

आणि गाठ काढलीत तर तिचीही हेळसांड करू नका. अंगठ्याएवढी गाठ पेनिसिलिनच्या रिकाम्या कुपीत कोंबून आलेली मी पाहिली आहे, बाहेर काढायला कुपी फोडावी लागली. गाठीचा एक ताजा तुकडा गुलाबी बाटलीत, बाकीची मधोमध चिरून भरपूर फॉर्मॅलिनमध्ये, रुंद तोंडाच्या बरणीत.

नमुना जाणार कसा, हा शेवटचा मुद्दा, आणि तो एकट्यादुकट्याने सुटणारा नाही. देवगडातून संध्याकाळी निघालेली आंब्याची पेटी पहाटे वाशीला लागते. मालवणच्या जेटीवरची सुरमई दुसऱ्या दिवशी कुठल्या कुठे पोचते. दोडामार्गात माकडताप आला तेव्हा रक्ताचे नमुनेही जिल्ह्याबाहेर जात होतेच. रस्ता आहे, गाडी आहे, सवयही आहे. नाही ती ठरलेली वेळ. प्रत्येक जण आपापली बाटली आपापल्या ओळखीच्या कंडक्टरकडे देतो, मग शनिवारी निघालेली बाटली सोमवारी उघडली जाते आणि आतल्या पेशी मेलेल्या.

माझं म्हणणं असं. सोमवार आणि बुधवार हे दोन दिवस ठरवू. सुई त्या दिवशी सकाळी. दुपारपर्यंत बाटल्या कणकवली किंवा चिपळूणला एका जागी, तिथून रात्रीच्या गाडीने एकाच पेटीत बाहेर. एक फोन नंबर, एक वही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं उभी राहिली आहेत. तिथल्या पॅथॉलॉजी विभागांनी ही पेटी गोळा करण्याचं काम अंगावर घेतलं, तर आम्ही खासगीवाले खुशीने त्यांच्या दारात बाटल्या आणून ठेवू. फ्लोचं यंत्र आलं तर फारच छान, पण यंत्र येईपर्यंत थांबायचं कारण नाही. विद्यार्थ्यांनाही पाचवी-सहावी काच शिकवण्यापेक्षा ही बाटली शिकवावी. जनआरोग्य योजनेतून उपचार मंजूर करून घ्यायलाही नेमक्या नावाचा रिपोर्ट हाताशी असला तर पेशंटची एक फेरी वाचते.

सुरुवात मी करतो. गुलाबी बाटल्या मी मागवून ठेवल्या आहेत, फ्रीजमध्ये आहेत, मुदत बघून घ्या. ज्यांना हव्यात त्यांनी माणूस पाठवावा, पैसे नकोत. तो ६७ वर्षांचा पेशंट दुसऱ्या सुईला आला, तेव्हा त्याने विचारलं होतं, ‘पयल्या टायमाक ह्या बाटलेत कित्याक नाय घातलास?’ त्याला मी काही उत्तर दिलं नाही. गुरुवारी त्याची बाटली गेली, सोमवारी फोन आला. सीडी-५ आहे, सीडी-२३ नाही, सीडी-२० ठळक. त्याच दिवशी सेल ब्लॉकवर सायक्लिन डी-१ लावायला सांगितलं.

आपला,
सिंधुदुर्गातला एक पॅथॉलॉजिस्ट

ता. क. बाटली थंड ठेवा, पण गोठवू नका. थर्मासमध्ये बर्फाची पिशवी, तिच्यावर कापडाची घडी आणि मग बाटली. मागे एकाने ती घरच्या फ्रीझरमध्ये सोडे आणि कोलंबीच्या पिशव्यांमध्ये ठेवली होती. कोलंबी टिकली.